आमच्या वाटणीची तीन मिनिटं

१२ मार्च

सुगत,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही. वर 'जय भीम' लिहिलं तर तुझीच पंचाईत, म्हणून नुसतं नाव. पाकिटावर नेहमीसारखं 'नागपूरकर' लिहिते आहे. घाबरू नको, रामटेके आडनावाचं पत्र तुझ्या कॉन्डोच्या लॉबीत कोणाच्या हाती पडणार नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा येतात आणि पुढं सगळं सामसूम. म्हणून कागद घेतला. बापू म्हणतातच ना, यामिनी तोंडानं भांडली की अर्धं भांडण रडण्यात जातं, तिला लिहू द्या.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते. कारण काल स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये तू असा बोललास की जणू तुला काहीच माहीत नव्हतं.

जाई शाळेच्या गरब्याच्या ग्रुपमध्ये होती. प्रॅक्टिसला पोट्ट्या आपल्याकडे आल्या, हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो पाहिला, हे कोण म्हणून विचारलं. आपल्या भाबड्या पोरीनं अभिमानानं सांगितलं. कार्यक्रम झाल्यावर ज्या बाईनं सगळ्यांना घागरे दिले होते तिचा मेसेज आला, जाईचा तेवढा ड्राय क्लीन करून पाठवा. बाकी साऱ्याजणींनी तसेच घामेजलेले परत केले होते. मग ग्रुपवर एकीनं लिहिलं की पुढच्या वेळी मी हिच्या शेजारी उभी राहणार नाही, आणि खाली हसण्याच्या बाहुल्यांची रांग. मी शाळेत गेले. व्हाइस प्रिन्सिपल बाई चांगली होती, पाणी विचारलं. म्हणाली, रंग, धर्म, देश, लिंग, सगळं आमच्या नियमात आहे, पण तुमचा हा शब्द नाही. मग ही तक्रार मी कशाखाली नोंदवू? आपण सगळ्यांनी मिळून बोर्डापुढं मोशन, म्हणजे ठराव, आणलं ते एवढ्यासाठी. तो एक शब्द नियमात यावा, जात.

आणि जाईनं हे आधी मला नव्हतं सांगितलं. तुला सांगितलं होतं. तुझ्या किचनमध्ये, तू तिला पोहे करून देत होतास तेव्हा. तू तिचे डोळे पुसलेस आणि म्हणालास, मामा आहे ना.

मग तू आमच्या बेसमेंटमधल्या मीटिंगला आलास. समितीच्या शीलाताई, परीक्षित, सगळे बसले होते. तू उठून म्हणालास, "आजवर लपून राहिलो. आता आपलं नाव घेऊन बोलतो." शीलाताईंनी पदर डोळ्याला लावला. त्यांच्या समितीत एवढ्या वर्षांत एकही माणूस असा आपणहून पुढं आला नव्हता.

बोलायचा स्लॉट माझा होता सुगत. बोर्डाकडं बोलणाऱ्यांची गर्दी, आमच्या घराच्या वाटणीला तीन मिनिटं आली होती आणि तिथं माझं नाव होतं. सगळे म्हणाले यामिनी चिडते, बोर्डाच्या ट्रस्टींपुढं शांत माणूस पाहिजे. हाव, चिडते मी. मीच म्हटलं, सुगत शांत बोलतो, त्याला द्या. मीच बोर्डाच्या ऑफिसला फोन करून माझं नाव काढलं आणि तुझं घातलं.

काल तू माइकपाशी गेलास. खिशातून कागद काढलास. "माझं लहानपण नागपुरात गेलं. इतकी वर्षं या देशात आहे, मला कधीही कोणी जात विचारली नाही. तिकडची जुनी भांडणं इथल्या मुलांच्या दप्तरात घालू नका." पलीकडच्या बाजूला विरोधाच्या पाट्या घेऊन बसलेली मंडळी टाळ्या वाजवायला लागली. गौरीचे वडील, तुझे सासरे अण्णा, तर उभे राहिले.

जाईनं माझी बाही धरली होती. हळूच म्हणाली, "आई, आता खरं सांगणार ना तो? धिस इज जस्ट द इंट्रो, राइट?"

तुझी वेळ संपेपर्यंत पोट्टी वाट पाहत होती.

सासऱ्यांना समोर बघून तुझी वाचा बसली असती, काहीतरी पुटपुटून तू खाली उतरला असतास, तर मी घरी येऊन तुला शिव्या घातल्या असत्या आणि रविवारी जेवायला बोलावलं असतं. पण कागद टाइप केलेला होता. घरून निघतानाच तो खिशात होता. आमच्या गाडीत बसून आलास, टिम हॉर्टन्सवर थांबून जाईला हॉट चॉकलेट घेऊन दिलंस, आणि तो कागद तेव्हाही तुझ्या खिशात होता.

यामिनी


३० मार्च

सुगत,

पत्राला उत्तर म्हणून मेसेज आला, तोही इंग्रजीत. "ताई, समजून घे. गौरीच्या घरी कोणालाच माहीत नाही. अण्णांनी कागद हातात दिला. नाही म्हणायला गेलो असतो तर का म्हणून विचारलं असतं. जाईला सांग, मामाचं तिच्यावर प्रेम आहे."

नाही सांगितलं. तुझं तू सांग, पोस्टमन व्हायला मी बसलेली नाही.

काहून रे, तुझी एवढी कोंडी झाली होती तर आदल्या दिवशी मला फोन करायचा होतास. 'ताई, मला नाही जमत, तू बोल,' एवढंच म्हणायचं. मी तेव्हाच्या तेव्हा ऑफिसला कळवलं असतं. तू गप्प बसला असतास तरी चाललं असतं. आडनाव बदललंस तेव्हा मी काही बोलले का? लग्नात बापूंना 'प्रवास झेपणार नाही' म्हणून तू येऊ दिलं नाहीस, तेव्हाही मी त्यांना तेच सांगितलं, तुझीच बाजू धरून. तुझं लपणं मला कळत होतं. कोण कुठल्या भीतीनं जगतो ते बाहेरून दिसत नसतं. पण लपायचं असेल तर स्वतःच्या घरात लप. जाईला बाहेर ढकलून तिच्या जागेवर काय लपतोस, भैताडा?

बापूंचं सांगते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एकच पालुपद, सुगतचं भाषण पाठव. त्यांनी नागपुरात आपल्या इंदोऱ्यातल्या लायब्ररीत सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, आमचा पोरगा कॅनडात बोर्डासमोर बोलला. मी म्हटलं रेकॉर्डिंग खराब निघालं. त्यावर म्हणाले, आवाज नसला तरी चालेल, उभा कसा राहिला ते पाहू दे.

त्यांच्या दलित पँथरच्या दिवसांतलं आठवतं ना, आई किती चिडवायची? अमेरिकेतल्या काळ्या पँथरांच्या बातम्या मुंबईहून यायच्या, पेपरात चित्र असायचं इवलंसं, आणि बापूंनी ते वस्तीतल्या भिंतीवर मोठं करून काढलं तर झालं मांजर. पूर्ण वस्ती त्या भिंतीला मांजराची भिंत म्हणायची. पण त्याच भिंतीखाली उभं राहून बापू डफावर गायचे, 'सात समुद्रांपल्याड भाऊ माझा राहतो, त्याच्या पायीची बेडी मला इथं काचते.' त्यांनी एकही काळा माणूस आयुष्यात पाहिला नव्हता. तरी त्याला भाऊ म्हणून गायले. आणि त्यांचा सख्खा पोरगा सात समुद्र ओलांडून आला आणि भाचीला ओळखेना.

हे सगळं मी मर्लला सांगितलं. मर्ल म्हणजे वॉन शहरातल्या वेअरहाउसमध्ये माझ्या शेजारी डिस्पॅचच्या टेबलावर बसते ती, नोव्हा स्कोशियाची, तिथल्या काळ्या लोकांतली. तिला वाटायचं आपण भारतातले सगळे एकाच माळेचे मणी. मांजराचं ऐकून ती हसली, रागावली नाही. म्हणाली, आमच्याकडंही हेच, पुढं करायला नेहमी शांत, नीटनेटका माणूस शोधायचे, म्हणजे समोरच्यांना भीती वाटू नये. चिडणाऱ्या बायकांना मागं बसवून सँडविचेस करायला लावायचे. मग तिनं पर्समधून दहा डॉलरची नोट काढली. त्या जांभळ्या नोटेवरच्या बाईला सिनेमा थिएटरात गोऱ्यांच्या जागेवर बसली म्हणून उचलून जेलमध्ये टाकलं होतं, हे मला ठाऊक होतं, सिटिझनशिपच्या परीक्षेला पाठ केलं होतं. हे नव्हतं ठाऊक की तिच्या धाकट्या बहिणीला तेव्हा म्हणे तिची लाज वाटली होती. आणि तीच बहीण म्हातारपणी सरकारच्या मागं लागली, माझ्या बहिणीची माफी मागा म्हणून. मागायला लावली.

मर्ल म्हणाली, तुझा भाऊ अजून तरुण आहे. मी म्हटलं, माझ्यात तेवढी वाट पाहायचा दम नाही.

मतदान सोळा एप्रिलला आहे. विद्यार्थ्यांसाठी वेगळा स्लॉट असतो, तो जाईनं मागितला आणि तिला मिळाला. मला न विचारता अप्लाय केलं. मर्ल तिला चर्चच्या बेसमेंटमध्ये नेऊन तयारी करून घेते आहे. पहिल्या दिवशी माइक लावून उभी केली तर पोट्टीच्या तोंडून शब्द फुटेना, नुसती रडली. मर्लनं तिला पाणी दिलं आणि परत उभं केलं.

ताई


१४ एप्रिल

सुगत,

आज जयंती. ब्रॅम्पटनच्या हॉलमध्ये सगळे जमलो होतो. दरवर्षी तू दाराशी टोपी कपाळावर ओढून उभा असायचास, वंदना झाली की निघून जायचास, कोणी फोटो काढायच्या आत. मला तेही गोड वाटायचं. यंदा दोनदा दाराकडं नजर गेली. सवय, दुसरं काय.

जेवणं झाल्यावर शीलाताईंनी मला बाजूला घेतलं. परीक्षितही होता. त्याचं म्हणणं सरळ आहे. ट्रस्टी तुझं भाषण धरून बसलेत. तू नागपूरचा, चांगला शिकलेला, तुला कधी तसा अनुभव आला नाही, म्हणजे हे सगळं आम्हीच उकरून काढतो आहोत. "ताई, तुम्ही उद्या फक्त एक मेल टाका," परीक्षित म्हणाला. "हा माझा सख्खा भाऊ आहे, आडनाव बदलून राहतो आहे, सासरच्यांना घाबरून खोटं बोलला. एवढंच. त्याचं भाषण जागच्या जागी मरतं."

शीलाताई म्हणाल्या, "यामिनी, त्यानं तुमचं नातं ठेवलं नाही. तुम्ही काहून ठेवता?"

खरं सांगू? मला नाही म्हणायचं नव्हतं. डोळ्यांपुढं आलं, अण्णा मेल वाचताहेत, तुझ्या सासूच्या हातातला चमचा खाली पडला आहे. मला बरं वाटलं. घरी येऊन लॅपटॉप उघडला. 'मी सुगत रामटेके यांची थोरली बहीण' इथपर्यंत लिहून झालं होतं.

जाई मागं येऊन उभी राहिली. स्क्रीनवरचं वाचलं. म्हणाली, "आई, दॅट्स व्हॉट दे डिड टू मी."

मी म्हटलं, अगं ते वेगळं, हा खोटं बोलला. ती म्हणाली, "आय नो. आय हेट हिम. पण तो कोण आहे ते तू नाही सांगायचं. त्यानं सांगायचं." एवढं म्हणून वर निघून गेली. दार आपटलं, चौकट हलली.

मेल पुसून टाकली. आभार मानू नको. तुझ्यासाठी नाही पुसली. ज्या पोरीला तू वाऱ्यावर सोडलंस तिनं तुझी अब्रू झाकली आहे, एवढं लक्षात ठेव आणि जमलं तर झोप.

परवा मतदान. येऊ नकोस. आलास तर मला स्वतःचा भरवसा नाही.

ताई


१८ एप्रिल

सुगत,

हरलो. एका मतानं.

तू आला नव्हतास, बरं केलंस. पण गौरी आली होती, एकटी, मागच्या रांगेत. मी तिच्याकडं पाहिलंही नाही.

जाई बोलली. रडली नाही. घागऱ्याचं सांगितलं, ग्रुपवरचं वाचून दाखवलं. मग कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "ज्याला मी हे सगळ्यात आधी सांगितलं तो माझ्या जवळचा माणूस आहे. त्यानं माझे डोळे पुसले. आणि तो इथं येऊन म्हणाला की असं काही नसतं. मी त्याचं नाव घेणार नाही. पण तुमच्या नियमात शब्द असता तर त्यालाही माझ्यासारखं बोलता आलं असतं." इंग्रजीत म्हणाली, मी जमेल तसं मराठीत लिहिलं. मर्ल उभी राहिली, आमची सगळी बाजू उभी राहिली. मला वाटलं जिंकलो.

मग एक ट्रस्टी बोलायला लागला, पांढऱ्या मिशांचा. फार नम्रपणे. म्हणाला, या मुलीचं दुःख मला कळतं, पण गेल्या महिन्यात इथं एक गृहस्थ बोलले होते. माझ्या माहितीप्रमाणे ते स्वतः त्याच समाजाचे आहेत. त्यांनाच जर कधी त्रास झाला नाही, तर नियम बदलण्याची घाई का करावी?

'त्याच समाजाचे.' सुगत, तू हे कुठंही म्हणाला नव्हतास. मी नाही सांगितलं, जाईनं नाही सांगितलं. मी शीलाताईंकडं पाहिलं, त्या मान हलवत होत्या, आम्ही नाही. परीक्षितवर संशय आला, वाईट वाटतं आता. त्या एका वाक्यानं मत फिरलं. गाडीत जाई एवढंच म्हणाली, "देन हू टोल्ड हिम?"

कोणी सांगितलं ते काल कळलं.

काल दुपारी बेल वाजली. दारात गौरी. बूट न काढताच आत आली, मग लक्षात आलं तशी परत जाऊन काढून आली. म्हणाली, "ताई, जाई बोलली तो माणूस सुगतच ना?" मी तिच्यापुढं खुर्ची सरकवली. ती म्हणाली, "नका सांगू. मला कळलंय. मी त्या दिवशी ट्रस्टीचं ऐकून मीटिंगमधून सरळ आईकडं गेले."

मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. तिच्या आईवडलांना माहीत आहे सुगत. लग्नाच्या आधीपासून. अण्णांनी नागपुरात चौकशी केली होती, तशी सगळेच करतात. तू आडनाव बदललंस तरी इंदोऱ्यातलं घर थोडंच बदललं होतं? गौरी ऐकणार नाही हे ठाऊक होतं म्हणून आपल्याला कळलंय हे त्यांनी तिलाही सांगितलं नाही. आणि मोशन आलं तेव्हा अण्णांनी तुलाच कागद का दिला? त्यांच्या सोसायटीत एवढे वकील, डॉक्टर पडले आहेत. "आपण कितीही बोललो तरी आपलं कोण ऐकणार, त्यांच्यातलाच माणूस बोलला पाहिजे," असं ते गौरीच्या आईला म्हणाले होते. त्या ट्रस्टीला अण्णांनीच चहाला बोलावून सांगितलं. तुझं नाव आम्ही दातांखाली धरून ठेवलं होतं, आणि त्यांनी ते चहाबरोबर बिस्किटासारखं पुढं केलं.

तू ज्यांच्यापासून लपत होतास ते तुला पहिल्या दिवसापासून पाहत होते रे. लपला होतास तो फक्त आमच्यापासून.

मला वाटलं होतं हे ऐकून मला आनंद होईल. नाही झाला. रडूच आलं, आणि कोणासाठी रडते आहे तेही कळेना.

गौरीला मी चहा दिला. तिनं कप हातात धरला, प्यायली नाही. मग एक सांगितलं. ते ती तुला सांगणार होती. मी म्हटलं, नको, मी लिहिते. मी कितीही भांडले तरी तुझी बहीण आहे, हे माझ्याकडूनच कळू दे.

गौरीच्या माहेरी सगळ्यांना एकसारखे पांढरे कप आहेत. तुला तेवढा निळा मग, वर तुझं नाव छापलेला. तो पहिल्यांदा मिळाला तेव्हा तू मला फोटो पाठवला होतास, 'बघ ताई, जावयाचे लाड.' तो मग कपाटात बाकीच्यांबरोबर नसतो, खिडकीशी वेगळ्या हुकावर असतो. गौरीलाही इतकी वर्षं लाडच वाटत होते. परवा तिनं आईला विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही त्याला घरात घेतलंत कसं? आई भांडी पुसत होती. म्हणाली, "त्याचा कप वेगळा ठेवलाय ना मी. मग तुला काय अडचण आहे?"

येत्या रविवारी तुम्हा दोघांना तिकडं जेवायला बोलावलं आहे, असं गौरी म्हणाली. ती जाणार नाही. तू जाशील तर चहा देतील तुला.

ताई